ढोपराला कान

"एवढं मरमर वाजोलं, अन् आजबी मले मीच ऐकू नाही आलो!"

कनातीच्या पलीकडून, अगदी हातभर अंतरावरून ही कुरकुर कानावर आली, तेव्हा पंचफुला मशीनवरची धूळ पदरानं पुसत होती. किन्हीराजातलं लग्न लागून गेलं होतं, पंगत बसली होती, आणि मांडवामागच्या सावलीत लाउडस्पीकरचं मशीन, बॅटरी आणि पंचफुला असे तिघं तापून बसले होते. त्यात हे. स्वतःला नावं ठेवलेली तिला एक वेळ चालली असती. मशीनला ठेवलेली खपत नसत.

"भोंग्याले दोष देऊ नोका," ती कनातीलाच म्हणाली. "तुमी जे देसान तेच तो देते."

पलीकडून हळूच—

"कोण हाये?"

"मशीन."

"मशीन बोलते काय वो?"

"बोलते. तुमच्यासारखी कुरकुर मात्र करत नाही."

कनातीच्या फटीत आधी एक डोळा आला, मग नाक, मग सगळा माणूस. उंच, काटकुळा, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. गळ्यात एक लांब मानेचं गिटार, आणि त्याला चारच तारा, चऱ्हाटासारख्या जाड.

हा गोपीचंद. जऊळक्याच्या स्टेशनात रूळ बदलणारा सांधेवाला, आणि ड्युटी नसेल तेव्हा बाबूसिंगच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत बेस गिटारवाला. पूर्णा जंक्शनचे एक गार्डसाहेब नोकरी सोडून परदेशी निघाले, तेव्हा ते वाद्य त्याला देऊन गेले होते. मुलखात असं दुसरं नव्हतं. लोक स्टेजजवळ येऊन मोठ्या आपुलकीनं विचारत, "बाकीच्या दोन तारा तुटल्या का गा?"

त्याचं रडगाणं मात्र खरं होतं. भोंग्याचा गळा बारीक. पेटी, सनई, गाणाऱ्या बाईचा आवाज तो दोन कोसांवर नेऊन सोडायचा, पण जाड आवाज त्याच्या घशातच अडकायचा. गोपीचंद डोळे मिटून, मान हलवून, जीव ओतून वाजवायचा आणि ते कोणालाच ऐकू यायचं नाही. त्याला स्वतःलासुद्धा.

डोळे मिटून वाजवणाऱ्या त्यानं मशीनमागं कोण बसतं ते आजवर पाहिलंच नव्हतं. त्यानं भोंग्यावरची रंगवलेली अक्षरं वाचली. "पंचफुला लाउडस्पीकर सर्व्हिस, शेलूबाजार... ही पंचफुला म्हंजे शेषरावकाकाची माय असन?"

"हाव. नव्वद वर्साची हाये. तोंडात एक दात नाही."

"अस्सं?" तो तिच्याकडे बघत राहिला. "बरेच दात दिसून राह्यले मले तं."

पंचफुलानं झटकन ओठ मिटले. आपण हसतोय हे तिला तोवर कळलंच नव्हतं.

तेवढ्यात पंचफुलाचा बाप शेषराव पंगतीतून हात धुऊन आला. त्याला पाहताच बाबूसिंग पेटी सोडून पुढं झाला आणि तोंडाभोवती दोन्ही हात धरून ओरडला, "शेषरावभाऊ! वारं लई हाये आज! म्हणून वरडून राह्यलो! मशीन झकास चाललं!"

शेषराव समाधानानं हसला. मांडवापुढच्या कडुलिंबाचं एक पानही हलत नव्हतं. गोपीचंदनं आधी लिंबाकडं पाहिलं, मग पंचफुलाकडं. ती वायर गुंडाळायला लागली होती. नको तितकी घट्ट.

हे वारं पाच वर्षांपासून वाहत होतं. भोंग्याजवळ उभं राहून शेषरावाची उमर गेली, आणि आवाज आधी कमी झाला, मग पार गेला. तो कोणाला सांगता झाला नाही. गावालाही धीर झाला नाही. ज्या माणसानं पंचवीस वर्षं सगळ्या तालुक्याला ऐकवलं, त्याला तू बहिरा झालास म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? मग कोणीतरी पहिल्यांदा वाऱ्याचं निमित्त काढलं आणि ते सगळ्यांना सोयीचं पडलं. शेलूबाजारात शेषरावाशी बोलायचं तर आधी वारं म्हणायचं, मग ओरडायचं. अगदी घरात, दार लावूनसुद्धा.

आणि मशीन? बटणावर हात शेषरावाचा, पण मागं पंचफुला. त्याच्या खांद्यावर एक टिचकी म्हणजे वाढवा, दोन म्हणजे कमी करा. पाहणाऱ्याला वाटावं, पोरगी बापाच्या सदऱ्यावरचा किडा झटकतेय. तेही सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं.

फक्त एक व्हायचं. पंचफुला तेवीस वर्षांची झाली होती. तीन स्थळं आली. तिन्ही वेळा पाहुण्यांना चहा मिळाला, पोहे मिळाले, उत्तर मिळालं नाही. तिची माय केशरबाई म्हणायची, "लायनी हाये अजून." तेवीस वर्षांची लहान. आत्यानं एकदा, "मंग मशीनचं कसं..." एवढं म्हटलं आणि पुढचं चहाबरोबर गिळून टाकलं. पंचफुला गेली तर टिचकी कोण मारणार, हा खरा प्रश्न. पण तो विचारायचा तर आधी दुसरं काहीतरी कबूल करावं लागलं असतं.

पंधरा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, एसटीच्या टपावरून एक खोकं उतरलं आणि त्याच्यामागून गोपीचंद. चहाच्या पेटीच्या फळ्या ठोकून त्यानं खोकं केलं होतं, आणि बंद पडलेल्या तंबूतल्या सिनेमाचा एक भला मोठा गोल स्पीकर त्यात बसवला होता.

"मशीनची एक वायर याच्यात द्या," तो म्हणाला. "भोंगा लोकाईसाठी. हे माह्यासाठी. मले फकस्त मी ऐकू आलो पायजे."

"लई शौक दिसते सोताले ऐकाचा."

"तुमाले ऐकून झालं. आता सोताले ऐकतो."

शेषराव बाजारात गेला होता. अंगणात बॅटरी आली, मशीन आलं. गोपीचंदनं खोकं पायापाशी ठेवलं आणि एक तार छेडली. घूं झालं. त्यानं जाड आवाजाचं बटण वाढवलं. घूंऽऽ झालं. आणखी वाढवलं. घूंऽऽऽऽ! घरातल्या फळीवरची पितळेची भांडी थरथरली, दोन वाट्या धडाधड खाली आल्या आणि केशरबाई पिठाचे हात घेऊन बाहेर धावली.

"काय वं फुले! भूकंप होऊन राह्यला का?"

"नाही माय. पाहुणे सोताले ऐकून राह्यले."

गोपीचंद हिरमुसला. "आवाज तं लई हाये. पण मी काय वाजोतो ते काहीच समजत नाही."

पंचफुला खोक्याभोवती एक फेरी मारून आली. कमरेवर हात ठेवून तिनं विचारलं, "तुमच्या ढोपराले कान हायेत का?"

"आँ?"

"खोकं ढोपराकडं पाहून बोलून राह्यलं. तुमचे कान हायेत तठी वर, ताडाच्या शेंड्यावर. ढोपरं ऐकून राह्यले बिचारे, तुमी कसे ऐकसान?"

तिनं तिवई आणली. त्यावर खोकं ठेवलं. पुढच्या कडेखाली अर्धी वीट सरकवून त्याचं तोंड वर, नेमकं त्याच्या कानाकडं केलं. मग जाड आवाजाचं बटण पार कमी केलं. तो "अवो अवो" करत राहिला, तिनं ऐकलं नाही. बारीक आवाजाचं थोडं वाढवलं.

"आता वाजवा."

त्यानं वाजवलं... आणि थबकला.

एकेक सूर वेगळा, गोल, धुतल्यासारखा. विहिरीत तोंड घालून कोणी आपलंच नाव घ्यावं तसा. गोपीचंदच्या चेहऱ्यावर आधी हसू उमललं. मग तो वाजवत गेला, आणि ते हसू हळूहळू उतरत गेलं. त्यानं हात थांबवला.

"हे... असं वाजोतो मी?"

पंचफुला उगाच खोक्याखालची वीट सारखी करत राहिली.

"तिसरी तार उतरेल हाये. अन् मी दर खेपेले मागं पडतो. ढोलक पुढं निंगून जाते अन् मी मागून धावतो."

"हाव."

"तुमाले माईत होतं?"

"मी स्टेजच्या मांगंच बसते ना. भोंग्याले नाही आलं तरी मले येते थोडं थोडं. दोन वर्सं झाले ऐकून राह्यली."

"अन् बाबूसिंगले?"

"सगळ्या पार्टीले."

"अन् कोणीच सांगतलं नाही?" तो तिवईशेजारी मटकन बसला. "काहून?"

"तुमी डोये मिटून वाजोता," ती हळू म्हणाली. "लई खुशीत असता. कोण सांगीन?"

आणि तो जो हसायला लागला तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पंचफुलाही हसली. केशरबाई दारात उभी राहून दोघांकडं पाहत होती. पिठाचे हात तिनं पदराला पुसले, आणि उगाच पुन्हा पुसले.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी गोपीचंद यायला लागला. तार लावायला म्हणे. पंचफुला बोटानं तिवईवर ठेका धरायची, तो तिच्या बोटाकडं बघून वाजवायचा. ठेक्याकडं किती आणि बोटाकडं किती, ते मोजायला कोणी बसलं नव्हतं. 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

आणि एक गोष्ट पंचफुलाच्या ध्यानात आली. गोपीचंद शेषरावाशी बोलताना कधी वाऱ्याचं नाव काढत नसे. ओरडतही नसे. तो समोर येऊन बसायचा, उजेडाकडं तोंड करायचा आणि सावकाश बोलायचा. शेषराव त्याच्या ओठांकडं बघून बरोबर उत्तर द्यायचा.

"इंजिनावरचे लोकं सगळे असेच," तो एकदा तिला म्हणाला. "माहा बाप जनमभर फायरमन होता. त्याचे कान त—"

"वारं हाये आज," पंचफुला घाईनं म्हणाली.

गोपीचंदनं अंगणातल्या लिंबाकडं पाहिलं. पान हलत नव्हतं. मग त्यानं तिच्याकडं पाहिलं.

"हाव," तो मऊ आवाजात म्हणाला. "लई वारं हाये."

त्याच वेळी तिला कळलं, की आपलं काही खरं नाही.

श्रावणात एका दुपारी झड लागली होती. शेषरावाच्या दुकानाचे टिन ताडताड वाजत होते. शेषराव दाराशी बसला होता, लाकडी खांबाला तळहात लावून. पाऊस वाढला की कमी झाला ते त्याला खांब सांगायचा. आत गोपीचंद आणि पंचफुला वायरीचे तुकडे जोडत बसले होते.

"फुला," तो म्हणाला, "माह्या बापाले पाठवू का इकडं? पोहे खाले?"

तिनं नुकतीच जोडलेली वायर पुन्हा सोडवली. 

"आता नाही," ती म्हणाली.

"काहून?"

"मशीन कोण पाहीन?"

"बाबा पायतात ना."

आणि इथं पंचफुला अडकली. सगळ्या गावानं मिळून विणलेल्या जाळ्यात ती एकटी अडकली. बाबा पाहतात, असंच तर पाच वर्षं सांगितलं होतं. आता नाही पाहू शकत म्हणायचं, तर ते एक वाक्य बोलावं लागणार. आणि तो खांबाला हात लावून बसलेला माणूस पाठमोरा का होईना, समोर होता.

"हाव," ती म्हणाली. "बाबा पायतात."

"मंग?"

तो तिला वाट करून देत होता. त्याला सगळं माहीत होतं, फक्त ते तिच्या तोंडून यावं असं वाटत होतं. तिलाही तेच वाटत होतं, म्हणून तर राग आला.

"मंग काही नाही. मले गिटारवाला नवरा नाही पायजे. चार तारा, तेबी उतरेल."

गोपीचंदनं वायर खाली ठेवली. "तारा आता उतरेल नाहीत," तो एवढंच म्हणाला, आणि भर पावसात निघून गेला. त्याची छत्री कोपऱ्यातच राहिली. पुढचे सात बाजार पंचफुला त्या छत्रीवरची धूळ पुसत होती.

दसऱ्याला शेलूबाजारात धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम. बौद्धवाड्यापुढच्या मैदानात लाकडी तख्तपोसं जोडून स्टेज केलं होतं. अठ्ठ्याहत्तर सालचा ऑक्टोबर, उन्हं उतरली तरी उकाडा भयंकर, हवा म्हणून नाही. वंदना झाली, भाषणं झाली, आणि चारच्या सुमारास बाबूसिंगची पार्टी स्टेजवर चढली.

मशीन स्टेजच्या डाव्या बाजूला. बटणावर शेषराव, मागं पंचफुला. गोपीचंदनं तिच्याकडं पाहिलं नाही. त्यानं खोकं आणलं आणि सरळ पायापाशी ठेवलं. तिवई नाही, वीट नाही.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तो पुन्हा मागं पडत होता. डोळे मिटलेले नव्हते आता. ते उघडे होते, आणि त्यांत काहीच नव्हतं. आपलं आपल्याला ऐकूच येऊ नये, अशी त्यानं सोय करून घेतली होती.

तिसऱ्या गाण्याला पंचफुलाला राहवलं नाही.

तिनं जवळचं रिकामं घमेलं उचललं, एक वीट उचलली आणि पाचशे माणसांसमोर स्टेजवर चढली. बायकांमध्ये कुजबूज उठली. तिनं घमेलं पालथं घातलं, त्याच्यावर खोकं ठेवलं, विटेवर त्याचं तोंड वर केलं.

"ढोपराले कान नसतात," ती दातओठ खाऊन म्हणाली. "कितींदा सांगाचं?"

"तुले काय करा लागते?" तोही तसाच म्हणाला. "गिटारवाल्याचं?"

"ऐक म्हणते ना सोताले!"

आणि माइक किंचाळला.

बाबूसिंग पुढं सरकताना माइक भोंग्यासमोर आला होता. कूंऽऽऽऽ! लोकांनी कानांवर हात दाबले. पोरं रडायला लागली. शेषरावाला दिसत होतं की लोक कानांवर हात ठेवताहेत. तो खांद्यावरच्या टिचकीची वाट बघत राहिला. टिचकी आली नाही. त्यानं अंदाजानं बटण फिरवलं आणि उलटं फिरवलं. शिट्टी आभाळाला भिडली.

"शेषरावभाऊ!" खालून कोणीतरी सवयीनं ओरडलं. "वारं लई हाये!"

पंचफुलानं स्टेजवरून उडी मारली, बापाच्या हाताखालून हात घातला आणि बटण खाली आणलं. सगळं एकदम शांत झालं. शेषरावानं बटणावरचा तिचा हात पाहिला. मग मैदानाकडं पाहिलं. पाचशे माणसं खाली मान घालून बसली होती. एकजणही त्याच्याकडं बघत नव्हता. त्यावरून त्याला कळलं, की सगळ्यांना माहीत आहे. आजचं नाही, फार दिवसांचं.

त्या शांततेत काय करावं ते कोणालाच सुचेना. गोपीचंदला जे येत होतं ते त्यानं केलं. तो वाजवायला लागला. एकटाच, पेटी नाही, ढोलक नाही. चार सूर, सावकाश, लख्ख.

शेषराव चपला काढून स्टेजवर चढला आणि दुसऱ्याच पावलाला थांबला. त्यानं खाली तख्तपोसाकडं पाहिलं. उजवा पाय उचलून पुन्हा टेकला. मग पुढं जाऊन त्यानं खोक्यावर तळहात ठेवला, श्रावणात खांबावर ठेवायचा तसा. गोपीचंदची बोटं तारेवर पडत होती, आणि शेषरावाचं दुसऱ्या हाताचं बोट हवेत त्याच ठेक्यावर पडत होतं. एकदाही चुकलं नाही.

"हे तू वाजोतं?" त्यानं विचारलं.

गोपीचंदनं उजेडाकडं तोंड केलं. "हाव काका."

"पायाले येते मले. ढोपरापरयंत येते." शेषरावानं पुन्हा एकदा पाय टेकून पाहिला. "पाच वर्सात पयलं गाणं."

पंचफुला मागोमाग चढून आली होती. शेषरावानं तिला जवळ ओढलं आणि अगदी हळू, तिच्या एकटीच्या कानात, विचारलं. निदान त्याला तसं वाटलं. पण पाच वर्षांत आपला आवाज केवढा होतो हे तो विसरून गेला होता, आणि शेजारी माइक चालू होता. दोन्ही भोंग्यांतून ते साऱ्या शेलूबाजारभर गेलं.

"फुले, ह्या पोट्ट्याले तू माह्यापायी नाही म्हणून राह्यली का वं?"

मैदानात बायकांनी तोंडाला पदर लावले. गोपीचंद तारांकडं बघत उभा राहिला, कानाच्या पाळ्या लाल. पंचफुलाला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. तिनं नुसती मान हलवली. हो म्हणून.

"अन् तुले पायजे का हा?"

आता तर मशीनसुद्धा श्वास धरून होतं. पंचफुलानं गोपीचंदकडं पाहिलं. मग बापाच्या खांद्यावर, साऱ्या गावादेखत, एक टिचकी मारली. एकच. वाढवा.

शेषराव हसला. तिचा आणि गोपीचंदचा हात त्यानं त्या खोक्यावर शेजारी शेजारी ठेवला. "मशीन तिच्यासंगं जाईन," तो गोपीचंदला म्हणाला. "तिचंच हाये."

मग तो माइककडं वळला. पंचवीस वर्षं त्यानं दुसऱ्यांसाठी माइक लावला होता, स्वतः कधी त्यात बोलला नव्हता. बोलायचं कसं तेही त्याला धड माहीत नव्हतं. बाजूला उभ्या बाबूसिंगनं घाईघाईनं तोंडाभोवती हात धरले, "शेषरावभाऊ, राहू द्या, वारं लई—"

शेषरावानं हात वर करून त्याला थांबवलं. मैदानाच्या कडेच्या लिंबाकडं बोट दाखवलं. सगळ्या मैदानानं तिकडं पाहिलं.

"पान नाही हालून राह्यलं, लोकहो," तो म्हणाला. "पाच वर्सं झाले, एक दिवस वारं नव्हतं. मी बहिरा हाओ."